कोरड्या नदीतला मुक्काम

सोलापूरच्या माणसाला कॅम्पिंगला जायचं असेल तर तो आधी सोलापूर सोडतो. पवना, भंडारदरा, कोलाड. पुण्यात माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर पावसाळा संपता संपता दर आठवड्याला एक तरी फोटो पडतो : नदीचा काठ, मागे झाडी, त्यामागे डोंगर, आणि ओळीने लावलेले निळे-केशरी तंबू. मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘तुमच्या सोलापुरात असलं काही आहे का रे?’ नाही. आमच्याकडे डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, जंगल माळढोकापुरतं, आणि भीमा सोडली तर बहुतेक नद्या वर्षातले कितीतरी महिने वाळूच्या असतात.

पण नदीकाठी तंबू ठोकून राहण्याचा इतिहास काढला, तर आमच्या जिल्ह्याचा हात धरणारा जिल्हा महाराष्ट्रात सापडणं अवघड आहे. जगातल्या तेव्हाच्या सगळ्यात श्रीमंत राजांपैकी एक आमच्या नद्यांच्या काठी वर्षानुवर्षं तंबूत राहिला. आणि त्यातल्या एका मुक्कामात, सांगोला तालुक्यातल्या एका कोरड्या दिसणाऱ्या नदीने त्याला कायमचं लंगडं केलं.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीचीसुद्धा नव्हती. मला वाटतं, आज जेव्हा आपण मोबाइलवरून ‘रिव्हरसाइड टेंट’ बुक करतो, तेव्हा ती पूर्ण वाचायला हवी.

चालतं शहर

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपुरात आणि १६८२ मध्ये औरंगाबादेत आला. त्यानंतर तो उत्तरेत परत गेलाच नाही. १६८५-८६ मध्ये विजापूरच्या वेढ्याच्या वेळी साधारण वर्षभर त्याचा तळ सोलापुरात होता. १६८९ च्या सुरुवातीला संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी त्याला मिळाली तेव्हा तो आमच्याच अकलूजला, नीरेच्या काठी होता. आणि मे १६९५ ते ऑक्टोबर १६९९ अशी सलग साडेचार वर्षं त्याची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती. त्याने गावाचं नाव बदलून इस्लामपुरी केलं होतं. ते टिकलं नाही. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना माचणूर लागतं. तिथला किल्ला, त्याच्या पायथ्याचं सिद्धेश्वराचं मंदिर आणि घाट आपण सहलीला बघतो. तो किल्ला याच मुक्कामाची खूण आहे.

ही छावणी म्हणजे नेमकं काय होतं? ब्रह्मपुरीला येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, मार्च १६९५ मध्ये, ती कृष्णेच्या काठी गलगल्याला होती. तिथे जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन प्रवासी तिला भेट देऊन गेला. त्याने लिहून ठेवलेले आकडे असे : घेर ३० मैल, बाजार २५०, घोडदळ ६० हजार, पायदळ एक लाख, उंट ५० हजार, हत्ती ३ हजार. व्यापारी, कारागीर, नोकरचाकर धरून एकूण माणसं पाच लाख. प्रवासी थोडं फुगवून सांगतात हे मान्य केलं, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो : २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. म्हणजे निम्मं सोलापूर, तेही कापडाचं.

असं शहर उचलायचं कसं, याचं तंत्र अकबराच्या काळातच पक्कं झालं होतं. अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त बादशाही डेऱ्याचा हिशेबच दिला आहे. एका मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, १०० हमाल. सोबत १ हजार फरास, जमीन सपाट करायला ५०० बेलदार, १०० पखालवाले, ५० सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, ३० चामड्याचं काम करणारे आणि १५० झाडूवाले. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात तो झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. एका उंच खांबावर रात्रभर ‘आकाशदिवा’ जळे, कारण अशा छावणीत स्वतःचा तंबू हरवणं ही रोजची गोष्ट होती.

हे शब्द आपण विसरलेलो नाही, फक्त ते कुठून आले ते विसरलोय. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, जाजमं ठेवण्याचं खातं. तुमच्या वर्गात कुणी बिनीवाले होता का? बिनी म्हणजे फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलंय की, बिनीवाला सकाळीच पुढे निघतो, जागा निवडतो आणि जिथे सरकारी डेरा पडायचा तिथे एक लहान पांढरं निशाण रोवतो. बाकी सगळा गोट त्या निशाणाच्या हिशेबाने पडतो. तंबू कुठे ठोकायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या कामावरून एक आडनाव पडलं, यावरूनच त्या कामाचं वजन कळतं.

पाण्याजवळ म्हणजे किती जवळ?

मी इंजिनिअर असल्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो पाण्याचा. कारेरीचे आकडे घेऊन मी एक ढोबळ गणित केलं. माणशी पिण्याला आणि स्वयंपाकाला फक्त ५ लिटर धरले, तर पाच लाख माणसांना २५ लाख लिटर. एका घोड्याला ३० लिटर धरले, तर १८ लाख लिटर. हत्तीला दीडशे लिटर धरले, तर साडेचार लाख. उंट, बैल, शेळ्यामेंढ्या मोजल्याच नाहीत. तरी बेरीज साडेसत्तेचाळीस लाख लिटर होते. १० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज ४७५ टँकर. ज्यांनी सांगोला-मंगळवेढ्यात टँकरची वाट बघितली आहे, त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून एवढी मोठी छावणी नदी सोडून राहूच शकत नव्हती. बारमाही भीमा किंवा कृष्णा असेल तर प्रश्न नव्हता. पण नदी लहान असेल, तर जवळ म्हणजे किती जवळ? आमच्याकडच्या नद्यांचं पात्र रुंद, सपाट, वाळूचं. काठावर खडक आणि बाभळी, पात्रात मात्र बसायला मऊ आणि तंबूची मेख ठोकायला सोपी जागा. वाळूत हातभर खणलं की झिऱ्याला पाणी लागतं. दमून आलेल्या माणसाला त्याहून चांगली जागा दिसणार नाही.

१७०० साली दमून आलेली माणसं खूप होती. ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेबाने जड सामान आणि कबिला वजीर असदखानाच्या हवाली करून ब्रह्मपुरी सोडली आणि मराठ्यांचे किल्ले स्वतः घ्यायला निघाला. वसंतगड घेतला, साताऱ्याला वेढा घातला. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारा पडला, जूनमध्ये परळी, म्हणजे आपला सज्जनगड. तोवर पाऊस सुरू झाला होता. सह्याद्रीच्या पावसात तंबूंचं कापड भिजून दुप्पट जड होतं, उंट चिखलात पाय टाकत नाही, बैल बसतो तो उठत नाही. परळीहून खटाव तालुक्यातल्या भूषणगडापर्यंतचं अंतर ४५ मैल. आज गाडीने दोन तासांचा रस्ता. जदुनाथ सरकारांनी फार्सी साधनांवरून लिहिलेल्या इतिहासात या प्रवासाला ३५ दिवस लागल्याची नोंद आहे. वाहतुकीची जनावरं वाटेतच संपली, मोठमोठे सरदार चिखलातून पायी चालले.

भूषणगडाहून फौज आणखी पूर्वेला, पाऊस कमी असलेल्या मुलखात उतरली. ऑगस्टच्या अखेरीस ती माणनदीच्या काठी खवासपूरला पोचली. हे गाव आजच्या सांगोला तालुक्यात. तिथे सगळं बरं होतं. कोरडी हवा, मोकळा माळ, सपाट नदी. बादशहाचा डेरा उंचवट्यावर पडला. बाकीच्या फौजेने दोन्ही काठांवर आणि चक्क पात्रात तंबू ठोकले. सगळे पावसातून सुटून आले होते.

वर बघायचं

माझं आजोळ माणेच्याच काठचं. मामांची डाळिंबाची बाग आहे. मागच्या दिवाळीत मी त्यांना ही गोष्ट सांगायला लागलो. ‘नदीच्या पात्रात तंबू’ इथपर्यंत आलो आणि मामा हसायलाच लागले.

‘‘कुणी सांगितलं न्हाई व्हय त्यास्नी?’’

‘‘काय सांगायचं मामा?’’

‘‘आरं, हितला पाऊस बघून नदी कळत न्हाई. वर बघायचं. म्हसवड-दहिवडीकडं इजा चमकाया लागल्या की हितं आभाळात चांदण्या असू देत, जनावरं काठावर घ्यायची. पाणी यायच्या आधी आवाज येतो. आवाज आला म्हणजे उशीर झाला.’’

मामांच्या या चार वाक्यांत माणनदीचा सगळा जलविज्ञानाचा धडा आहे. माण साताऱ्याच्या माण तालुक्यात, महादेव डोंगररांगांत उगम पावते, आटपाडीतून सांगोल्यात येते आणि पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. सगळा प्रदेश पर्जन्यछायेचा. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून-जुलै नव्हे, तर सप्टेंबर हा सर्वांत ओला महिना असतो. हा पाऊस कोकणासारखा दिवसदिवस रिपरिपत नाही. संध्याकाळी ढग भरतो, दोन तासांत महिन्याचा कोटा टाकतो आणि निघून जातो. खाली काळा बसाल्ट, वर वीतभर माती, डोंगर उघडे. पाणी मुरायला थांबत नाही. ओढ्यांतून नदीत येतं आणि चांदण्यात कोरड्या पडलेल्या पात्रातून भिंतीसारखं खाली सरकतं. ज्याच्या अंगावर येतं त्याच्या डोक्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो.

खवासपूरला नेमकं हेच झालं. १७०० च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीची रात्र. लोकांना वाटत होतं पावसाळा संपला. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला होता. मध्यरात्रीच्या सुमारास, छावणी झोपेत असताना, माणेला लोंढा आला. पात्रातले तंबू, माणसं, जनावरं वाहून गेली. काठावरच्या तंबूंत पाणी शिरलं. अंधारात एकच आरडाओरडा झाला.

तो कल्लोळ ऐकून औरंगजेबाला वाटलं, मराठे छावणीत घुसले. हे वाटणं वेडेपणाचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी संताजी घोरपड्यांच्या लोकांनी त्याच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेल्याची गोष्ट मराठी बखरी सांगतात. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, छावणीवर रात्री छापा पडणं ही तेव्हाच्या मुघल सैनिकाची नेहमीची भीती होती. ८२ व्या वर्षात असलेला बादशहा घाईने उठला, त्याचा पाय सरकला आणि उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. उरलेली साडेसहा वर्षं तो लंगडत राहिला. दरबारातल्या खुशमस्कऱ्यांनी त्यावरही तोडगा काढला : मूळपुरुष तैमूरलंगही लंगडाच होता, तेव्हा हा तर घराण्याचा वारसा!

छावणी काय खाते

इथे ‘निसर्गाने सूड घेतला’ असं लिहून गोष्ट संपवता येते. सोशल मीडियावर तशी ती चालेलही. मला ते पटत नाही. बुडाले ते पखालवाले, फरास, बाजारातले वाणी, साधे शिपाई. त्यातली कितीतरी याच देशातली गरीब माणसं. बादशहाच्या गुडघ्याची नोंद आहे, तो उजवा होता हेसुद्धा आपल्याला माहीत आहे. वाहून गेलेल्यांपैकी एकाही पखालवाल्याचं नाव मला कुठल्या इतिहासात भेटलं नाही.

आणि माणदेशाचं काय? असं तंबूंचं शहर एका दुष्काळी तालुक्यात येऊन बसतं, तेव्हा ते फक्त पाणी पीत नाही. ते कडबा खातं, झाडं जाळतं, बियाण्याचं धान्यही खातं. मनुची या व्हेनिसच्या माणसाने या मोहिमांच्या शेवटी दख्खनचं जे वर्णन केलंय त्यात शेतात ना झाड आहे ना पीक, फक्त माणसांची आणि जनावरांची हाडं.

छावणी काय खाते याची जाणीव ज्या एका मराठी पत्रात सगळ्यात नेमकी उतरली आहे, ते १६७० च्या दशकातलं आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे पावसाळी छावणीला असलेल्या आपल्याच घोडदळाच्या जुमलेदारांना ते पाठवलं होतं. आशय असा : पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आत्ताच बेफाम उडवाल तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. लागेल ते बाजारातून विकत आणा. मग चक्क आगीच्या सूचना आहेत. आगट्या कुठेही पेटवू नका, वाऱ्यात तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. एक राजा आपल्या सैन्याला उंदराची आठवण करून देतो आहे. आजच्या कुठल्याही कॅम्पसाइटच्या नियमांच्या फलकावर याहून चांगलं काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

अर्थात पत्र लिहावं लागलं, म्हणजे आपले लोकही तेच करत होते किंवा करण्याच्या बेतात होते. पुढे शिंदे-होळकरांच्या छावण्या ज्या मुलखातून गेल्या तिथल्या शेतकऱ्यांनाही त्या गोड वाटल्या नाहीत. ब्रॉटनच्या पत्रांत उभी पिकं घोड्यांना घातल्याचे उल्लेख पुरेसे आहेत. प्रश्न झेंड्याच्या रंगाचा कमी आणि तंबू कुणाच्या जिवावर उभा आहे याचा जास्त आहे.

आजची पात्रं

छावणी हा शब्द माझ्या पिढीने आणखी एका अर्थाने ऐकलाय. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढ्यात चारा छावण्या पडल्या. बांबूला हिरवी शेडनेट, खाली गाईम्हशी, आणि शेजारी खाटेवर महिनोन् महिने राहणारी माणसं. माणदेशातले धनगर तर पिढ्यान् पिढ्या वर्षाचा मोठा भाग पालांतच काढतात. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, ज्या शेतात वाडा बसेल तिथल्या मालकाला लेंडीखत द्यायचं आणि त्याबदली धान्य किंवा पैसे घ्यायचे. छावणी जमिनीला काही देऊन जाऊ शकते, याचं हे आमच्याकडचं उदाहरण. त्यांचा वाडा ओढ्याच्या वाळूत बसलेला मी अजून पाहिलेला नाही.

पंढरपूरच्या वाळवंटात आषाढीला पूर्वी राहुट्यांची दाटी असे. न्यायालयाने स्वच्छतेच्या कारणावरून ती थांबवली, आणि आता वारकऱ्यांचे तंबू भीमेच्या पलीकडे ६५ एकरांवर पडतात. वर उजनीचं धरण आहे, पाणी सोडायच्या आधी किती क्युसेक ते मोबाइलवर येतं. तरीही १४ ऑक्टोबर २०२० ला, पुन्हा ऑक्टोबरमध्येच, मुसळधार पावसात पंढरपूरच्या कुंभार घाटाची नवी भिंत कोसळली आणि तिच्या आडोशाला असलेली सहा माणसं गेली. त्यांना फक्त आडोसा हवा होता.

माणेवर असा मोबाइलवर येणारा इशारा आजही प्रत्येक ओढ्यासाठी नाही. आणि आपण शहरातली मुलं ज्या नदीकाठी जातो तिथली नदी आपल्या ओळखीची नसते. ॲपवर रेटिंग असतं, फोटो असतात, जेवणात काय मिळेल ते असतं. वर कुठला डोंगर आहे आणि त्याचं पाणी किती वेळात खाली येतं, हे नसतं. एका उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या एका नदीकाठी आम्ही गेलो होतो. तिथल्या मुलाने वाळू सोडून वरच्या दगडाळ जागेत तंबू लावले म्हणून आमच्यातले दोघे कुरकुरले, कारण फोटो चांगला येत नव्हता. तो काही बोलला नाही. त्याने फक्त एका जांभळीकडे बोट दाखवलं. आमच्या डोक्याच्या वर दोन-तीन हात, फांदीच्या बेचक्यात वाळलेलं गवत, प्लास्टिकची पिशवी आणि एक चप्पल अडकली होती. गेल्या पावसाळ्यातलं पाणी तिथवर आलं होतं.

खवासपूरच्या बाभळींवरही त्या ऑगस्टमध्ये असं काहीतरी अडकलेलं असणार. गावात मामांसारखं कुणीतरी असणारच. एवढ्या मोठ्या छावणीत हत्ती मोजणारे होते, बाजार मोजणारे होते, बादशहाची इच्छा ऐकणारे तर हजारो होते. गावातल्या माणसाला विचारून ‘पाणी कुठवर येतं हो?’ एवढं ऐकून घेणारा कुणी असता, तर पात्रात झोपलेली माणसं सकाळी उठली असती. पुढच्या वेळी तुम्ही नदीकाठी तंबू लावाल तेव्हा चेक-इन करायच्या आधी हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारा, आणि तो जिथे बोट दाखवेल त्याच्या वर झोपा.